पहिला घास कोणाचा?

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वणी तालुक्यातल्या गावांत बैल नाल्यावर नेऊन धुतात. घरी आणल्यावर त्यांचे खांदे हळद-तूप लावून शेकतात, कारण आषाढ-श्रावणातल्या डवरणीनं तिथलं कातडं सोललेलं असतं. मग घरधनी बैलाच्या कानाशी वाकून म्हणतो, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा पहिला घास बैलाचा असतो. घरातलं लेकरू भुकेनं कितीही कळवळलं तरी त्याला थांबावं लागतं.

विदर्भातल्या शरद ऋतूच्या सणांकडे मी या आवतनाच्या बाजूनं पाहतो. पोळ्यापासून बलिप्रतिपदेपर्यंतचे दोन महिने, आणि त्यापुढे ज्वारीची रास घरी येईपर्यंतचा काळ, हा या भागात एकाच प्रश्नाचा उत्सव होता: शेतात जे पिकलं त्यातलं आधी कोण खाणार? देव, पितर, बैल, गुराखी, सुतार-लोहार, मजूर, घरचे लोक. हा क्रम ठरवण्यासाठी सण होते. ज्यांना या क्रमात शेवटचं स्थान मिळालं, त्यांचा इतिहासही याच सणांत आहे.

वणीजवळचं राजूर म्हटलं की आज लोकांच्या डोळ्यांपुढे कोळसा येतो. गावाचं नावच ‘राजूर कॉलरी’ असं घेतलं जातं. खाणीच्या जोडीला चुनाभट्ट्या. पण जमिनीखाली कोळसा आणि चुनखडी असली तरी वर काळी माती आहे. पूर्वेला वर्धा, दक्षिणेला पैनगंगा आणि मधून निर्गुडा, अशा या पट्ट्यात खाणीच्या कितीतरी आधीपासून पेरणी-कापणी चालत आली आहे. मोगल काळात हा मुलूख वऱ्हाड सुभ्यात गणला जाई. ‘आइन-इ-अकबरी’त कळंब सरकारचा उल्लेख आहे. तरी वणीच्या बाजूला खरा दबदबा होता तो चांद्याच्या गोंड राजांचा. १७५१ मध्ये नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी चांदा घेतलं आणि गोंडांचं राज्य संपलं. गोंडांचं पंचांग मात्र संपलं नाही.

या भागात नव्या धान्याचा सगळ्यात जुना नियम गोंड आणि कोलामांनी सांभाळला. शेतात आलेलं नवं धान्य थेट चुलीवर चढत नाही. ते आधी पेनाला, म्हणजे कुळाच्या देवाला, आणि पितरांना दाखवायचं. मग घरात शिजवायचं. हलकं धान, मूग, उडीद, तीळ, जे जसं येईल तसं त्याचं ‘नवं’ व्हायचं. पश्चिम ओडिशात हाच संस्कार ‘नुआखाई’ या नावानं भाद्रपदात, गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, मोठ्या थाटात होतो. कोकणात आश्विन पौर्णिमेला नवान्न पौर्णिमा म्हणतात आणि भाताच्या लोंब्यांचं ‘नवं’ दाराला बांधतात. गोव्यात ख्रिस्ती गावं ऑगस्टमध्ये कोणसाचें फेस्त करतात, तिथे भाताची पहिली कणसं चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात. देव बदलले, महिने पुढेमागे झाले, पण स्वतःच्या आधी दुसऱ्या कुणाला तरी द्यायचं ही अट सगळीकडे टिकली.

पैनगंगेच्या पलीकडे आदिलाबादच्या डोंगरात राज गोंडांची दंडारी अजून चालते आणि अलीकडे, यवतमाळ जिल्ह्यातही, गोंड आणि कोलाम दंडार खेळतात. ऑस्ट्रियात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ १९४० च्या दशकात तिथल्याच मार्लवाई गावी राहिले आणि १९४८ मध्ये ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा ग्रंथ त्यांनी प्रसिद्ध केला. त्यात दंडारीचं वर्णन आहे. आश्विनाच्या चांदण्यात तरुणांचे जथे निघतात आणि दिवाळीपर्यंत गावोगाव नाचत फिरतात. त्यांच्यात घुसाडी असतात: डोक्यावर मोरपिसांचा भला मोठा टोप, अंगाला राख, हातात काठी. घुसाडी म्हणजे काही दिवसांपुरता देवच. ज्या गावात जथा उतरतो ते गाव त्याला जेवू घालतं, आणि पुढे ते गाव नाचायला निघालं की परतफेड होते. सोयरिकींची बोलणीही याच दिवसांत निघतात. मार्लवाईचेच कनकराजू यांना घुसाडी नृत्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा या मोरपिसांच्या टोपाकडे शहरांचं लक्ष गेलं. मला मात्र त्या नाचाहून त्याच्यामागची व्यवस्था मोठी वाटते. धान्य यायच्या तोंडावर, म्हणजे कणगीचा तळ दिसू लागलेला असताना, एक गाव दुसऱ्या गावाला पोटभर जेवू घालतं. येणाऱ्या पिकावर इतका भरवसा ठेवणारे लोक भेकड किंवा मागासलेले असू शकत नाहीत.

कुणब्यांच्या गावात हा भरवसा पोळ्याला दिसतो. विदर्भाचा पोळा दोन दिवसांचा. पहिला दिवस बैलांचा, दुसरा तान्हा पोळा, लेकरांच्या लाकडी बैलांचा. पहिल्या दिवशी दुपारनंतर झुली, बेगड, मठाट्या, घुंगुरमाळा घालून बैल गावाच्या तोरणाखाली उभे राहतात. तोरण तुटेपर्यंत झडत्या झडतात. एक जण म्हणतो आणि शेवटी सगळे ‘हर हर महादेव’ करतात. देवादिकांपासून सुरू झालेली झडती सावकारावर, तलाठ्यावर, कापसाच्या भावावर, सरकारवर येते. एरवी पाटलाच्या वाड्यासमोर जे बोलण्याची हिंमत नाही, ते त्या दिवशी भर गर्दीत बोलता येतं. १९ मार्च १९८६ रोजी याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्यानं पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं, आणि पुढच्या काळात यवतमाळचं नाव शेतकरी आत्महत्यांसाठी देशभर घेतलं जाऊ लागलं. झडत्यांत हे दुःखही आलं. ज्यांना यवतमाळच्या शेतकऱ्याचं म्हणणं समजून घ्यायचं आहे त्यांनी अहवाल जरूर वाचावेत, पण एकदा तोरणाखालीही उभं राहावं.

तोरण तुटलं की सालदार बैलांना घेऊन घरोघर जातो. प्रत्येक घरी बैलाला ओवाळतात आणि सालदाराच्या हातावर बोजारा ठेवतात. हा बोजारा त्याचा हक्क असतो. वर्षभर धन्याच्या शेतात राबणारा माणूस त्या संध्याकाळी धन्याच्या दारात घ्यायला उभा राहतो, आणि बैल त्याच्या सोबत असल्यामुळे त्याला रिकाम्या हातानं परतवता येत नाही.

पोळ्यानंतर महिनाभर पोरींचं राज्य. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई माहेराला येते आणि कोजागिरीला परत जाते. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोबा, रोज संध्याकाळी टिपऱ्यांवर गाणी आणि मग झाकलेला खाऊ ओळखायचा खेळ. कोजागिरीच्या रात्री तिला ज्वारीच्या धांड्यांच्या खोपीत बसवतात. ज्वारी तेव्हा शेतात उभी असते, कणीस नुकतं भरत असतं. म्हणजे कापणीच्या आधीच पिकाचा पहिला भाग माहेरवाशिणीच्या डोक्यावर छप्पर म्हणून येतो. त्याच रात्री घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळतात. इथेही ‘आधी कोण’ हे आहेच. याच चंद्राच्या आगेमागे ज्यू लोक फांद्या-पानांची खोपटी उभारून सुक्कोथ साजरा करतात. मराठी मुलखातल्या ज्यूंना, बेने इस्रायलांना, शतकानुशतकं आपल्या धर्मबांधवांचा फारसा संपर्क नव्हता. त्यांच्या नववर्षाला कोकणात ‘नव्याचा सण’ हे नाव पडलं आणि त्याच महिन्यात नव्या तांदळाची खीर करून ‘खिरीचा सण’ होऊ लागला. आजूबाजूच्या शेतात जे पिकत होतं त्यानं त्यांच्या सणालाही आपलं नाव दिलं.

ज्वारीची खरी कापणी दिवाळीनंतरची. धांडे कापून, कणसं खुडून खळ्यावर आणायची, मधोमध मेढ रोवायची आणि तिच्याभोवती बैलांची पात धरायची. उफणणी झाली की रास. रास मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. मग खळ्यावरच वाटे पडत. सुतारानं तिफण दुरुस्त केलेली असे, लोहारानं पास धारेला लावलेली असे, न्हाव्यानं वर्षभर दाढी केलेली असे. त्यांचं ज्वारीतलं देणं ठरलेलं होतं. जुन्या गावगाड्याची स्तुती करणारे बहुतेक जण इथे थांबतात. पण खळ्यावरची यादी पुढे जात असे. तिच्या टोकाला महाराचा वाटा होता, आणि तो पुष्कळदा मातेऱ्याचा: खळं झाडून राहिलेले माती-खड्यांतले दाणे. गावाची सगळी कामं करायची आणि सुगीच्या शेवटी झाडून उरलेलं न्यायचं. ज्या सणांनी बैलाला आवतन दिलं त्याच सणांनी माणसाला पंगतीच्या बाहेर ठेवलं. हे लिहिल्याशिवाय या सणांचा इतिहास खरा होत नाही.

तो क्रम ज्यांनी नाकारला त्यांची तारीखही शरद ऋतूतलीच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला बौद्ध धम्म स्वीकारला आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, चांद्याला दुसरा दीक्षा समारंभ झाला. चांदा हे वणी-राजूरच्या शेजारचं शहर. या भागातल्या बौद्ध घरांसाठी तेव्हापासून दसऱ्याचा हंगाम म्हणजे दीक्षाभूमीचा हंगाम. मातेरं नाकारणं हे त्या दीक्षेच्या पोटात होतं. या मातीत शरदातला सगळ्यात मोठा नवा सण कोणता असं मला कुणी विचारलं, तर मी हाच सांगेन.

ज्वारीच्या या सगळ्या व्यवस्थेला आतून हादरा दिला तो कापसानं. कापूस इथे नवा नव्हता. सातवाहनकाळाशी जोडल्या जाणाऱ्या ‘गाथासप्तशती’त, म्हणजे आपल्या महाराष्ट्री प्राकृतात, कपाशीचं शेत नांगरायच्या मुहूर्तावर नांगराची पूजा करणारी एक बाई आहे. कापसाचा विधी बाईच्या हातचा, हे तेव्हापासूनचं. पण जुना कापूस ज्वारी-तुरीच्या संगतीनं राहणारा होता. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं आणि १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस अडकला, लँकेशायरच्या गिरण्या थंड पडू लागल्या आणि वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या मातीवर इंग्रजांची नजर खिळली. वर्धेपलीकडच्या हिंगणघाटची ‘बनी’ कपाशी विलायतेपर्यंत नावाजली होतीच. १८६० च्या दशकात वणीच्या नावानं ‘वून’ हा स्वतंत्र जिल्हा झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंद रेल्वे कापसाच्या गाठींसाठी धावू लागली. १९०५ मध्ये जिल्ह्याचं नाव बदलून यवतमाळ झालं.

कापूस खाता येत नाही, आणि सगळी अडचण इथे आहे. ज्वारी खळ्यावर येते तेव्हा तिचे वाटे डोळ्यांसमोर पडतात. कापूस बोंडातून झोळीत, झोळीतून गंजीत, गंजीतून जिनिंगमध्ये जातो आणि त्याचा भाव दूरच्या बाजारात ठरतो. त्याचा नैवेद्य कसा दाखवणार? बैलाला काय घालणार, सरकीशिवाय? सुताराला काय देणार? हळूहळू देणं रोकडीत होऊ लागलं, आणि रोकड सावकाराकडून येऊ लागली. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात माणसं अन्नावाचून मेली, तीही देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या कापूस-मुलखात. ज्या मुलखानं जगाला वस्त्र पुरवलं त्याच्या कणग्या रिकाम्या होत्या. इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी कापूस आणि दुष्काळ यांचं हे नातं वऱ्हाडच्या संदर्भात सविस्तर मांडलं आहे.

या कोंडीतून बायकांनी वाट काढली, असं मला वाटतं. तिचं नाव सीतादही. कपाशीची बोंडं फुटली, शेत पांढरं दिसू लागलं, की पहिल्या वेचणीच्या दिवशी घरची बाई दहीभात घेऊन शेतात जाते. चांगल्या भरलेल्या झाडाशी खडे मांडून सीतामाईची स्थापना करते, हळदकुंकू वाहते, दहीभाताचा नैवेद्य दाखवते आणि तो शेतात शिंपडते. घराघराची रीत थोडी निराळी, पण दहीभात सगळीकडे. त्याशिवाय वेचणीला हात लागत नाही. शेताला सीता मानून तिच्याकडे पीक मागणं ही या देशातली फार जुनी गोष्ट. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलातल्या क्षेत्रपतीच्या सूक्तात तिची प्रार्थना आहे आणि कौटिल्यानं राज्याच्या शेतीवरच्या अधिकाऱ्याला सीताध्यक्ष म्हटलं आहे. पण विदर्भातल्या सीतादहीत एक वेगळं शहाणपण आहे. बाकी सगळीकडे पीक देवाला नेऊन वाहतात. इथे पीक खाण्याचं नाही, म्हणून अन्नच पिकाकडे नेलं. ज्या शेतातून पोटाला काही येणार नाही त्या शेतात आधी पोटाचं काही पेरून यायचं.

या सीतेचं एक देऊळही जिल्ह्यात आहे, राळेगाव तालुक्यातल्या रावेरीला. इथली सीता एकटी आहे, शेजारी राम नाही. लोक सांगतात की वनवासात टाकलेली सीता लव-कुशांना घेऊन इथे राहिली, तिनं गावात गहू मागितला, गावानं दिला नाही, आणि तिनं शाप दिला की या गावात गहू पिकणार नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी या देवळाच्या जीर्णोद्धाराचा ध्यास घेतला आणि तो पुरा केला. बायकांच्या नावे जमीन करून देण्याची ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम चालवणाऱ्या माणसाला ही टाकलेली सीता जवळची वाटावी, यात नवल नाही. रावेरीची कथा पुन्हा तोच प्रश्न विचारते. दारात आलेल्या बाईला, तिच्या लेकरांना, मूठभर धान्य नाकारणारं गाव कसलं?

दिवाळीच्या पाडव्याला बळी येतो. हा राजाही फार जुना. इसवी सन १०३० च्या सुमारास अल् बिरूनीनं हिंदूंच्या दिवाळीबद्दल लिहिलं तेव्हा लक्ष्मी वर्षातून एक दिवस विरोचनपुत्र बळीला मोकळं करते, हे सांगितलं. केरळात तोच महाबळी ओणमला येतो. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त बळीला शेतकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून उभं केलं आणि बायका ओवाळताना ज्याचं राज्य मागतात तो हाच, हे दाखवून दिलं. विदर्भात या दिवशी गायगोधन असतं. गोवारी, म्हणजे गावाची गुरं राखणारे लोक, सजवलेली गुरं घेऊन येतात. शेणाचा गोवर्धन करतात, त्यावरून गुरं जातात. मोरपिसं लावलेली ढाल पुजतात आणि घरोघर नाचतात. वर्षभर रानात गावाचं गोधन सांभाळलं त्याची ओवाळणी गाव त्या दिवशी घालतं. पोळ्याला बैलाचा वाटा, पाडव्याला गुराख्याचा. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूरला विधिमंडळावर हाच गोवारी समाज आपला हक्क मागायला गेला आणि चेंगराचेंगरीत ११४ जण मेले, त्यात बाया-लेकरं फार. गायगोधनाचे फोटो दर दिवाळीला छापले जातात. त्यांच्या शेजारी हा आकडाही असायला हवा.

राजूरला शरदाचा आणखी एक हिशेब आला, जमिनीखालून. वर्धेपलीकडे वरोऱ्याला १८७० च्या दशकात सरकारी कोळसा खाण सुरू झाली, पुढे नदीच्या अलीकडे, राजूरच्या बाजूलाही, खाणी खोदल्या गेल्या. १९७३ मध्ये खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं आणि १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स स्थापन झाली. खाणकामगाराच्या घरी सुगी पावसावर ठरत नाही. कोल इंडियाचा वार्षिक बोनस दसऱ्याच्या आधी जाहीर होतो आणि या पट्ट्यातल्या बाजारपेठा त्याची वाट पाहतात. एकाच रस्त्यावर एका घरी बोनसवर दिवाळी ठरते, शेजारच्या घरी सोयाबीनच्या पोत्यांवर. सोयाबीन दसऱ्याच्या सुमारास निघतं, लगेच विकलं जातं आणि दिवाळीचा खर्च भागवतं. कापसाला मात्र १९७२ मध्ये, यवतमाळचेच वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, एकाधिकार खरेदी योजनेचा आधार मिळाला होता. तो आधारही पुढे संपला. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत सगळं शिवार तिनं व्यापलं. ज्वारी मागे हटली. भुलाबाईच्या खोपीसाठी लागणारे धांडे आता कोजागिरीला बाजारातून विकत आणावे लागतात. ट्रॅक्टर आल्यावर गोठेही रिते झाले, आणि बैल नसलेल्या घरी मातीच्या बैलजोडीला पुरणपोळी दाखवतात.

सीतादही मात्र टिकली आहे. कारण कपाशी टिकली आहे, आणि अजून ती हातानंच वेचावी लागते. वेचणाऱ्या बायांना मजुरी किलोवर मिळते. सकाळी दव असताना कापूस ओला आणि जड भरतो, दुपारी कोरडा आणि हलका. त्यामुळे मोजमापावरून धुऱ्यावर बोलाचाली होते, भाव पडला की मजुरीवरून होते. सीतादहीच्या दिवशी शेतमालकीण आणि वेचणाऱ्या बाया एकाच भांड्यातला दहीभात खातात. बोजाऱ्यासारखंच ते मजुराचं मानाचं देणं. माझं म्हणणं एवढंच की जिल्ह्यातल्या ज्या गावांनी ही रीत सांभाळली आहे त्यांनी पहिल्या वेचणीच्या दिवशीच, दहीभात खाऊन झाला की त्याच धुऱ्यावर बसून, हंगामाचा मजुरीचा दरही बायांशी बोलून ठरवावा.